मोकळे टोक

शिल्डचे टोक अर्थिंगच्या पट्टीवरून सोडवून दिगंबरने दोन बोटांत धरले, आणि बोटांतून काहीतरी सरसरत मनगटापर्यंत आले. त्याला धक्का म्हणता आले नसते. अंगाखाली दबलेल्या हाताला जाग येताना मुंग्या येतात, तेवढेच ते होते. पण जिथे काहीच असायला नको होते तिथे ते होते, म्हणून हात आपोआप मागे आला. भट्टीचा पुरवठा त्याने स्वतः बंद केला होता. पॅनेलचे दार सताड उघडे होते, आणि आत तारांच्या जुड्या त्याने कधीकाळी आखून दिलेल्या रांगांतून शहाण्या मुलांसारख्या मान खाली घालून गेल्या होत्या. त्यांतली ही एक राखाडी केबल शेडच्या त्या टोकाला, भट्टीच्या कुशीत बसलेल्या सेन्सरकडून येत होती. तिच्या पोटात दोन बारीक तारा होत्या. भट्टीतल्या धगीची बातमी त्या इतक्या हलक्या आवाजात आणत, की शेजारून मोटर गेली तरी ती बातमी विस्कटावी. म्हणून त्यांच्याभोवती तांब्याची विणलेली जाळी होती. तिलाच शिल्ड म्हणत. बाहेरचा सगळा कलकलाट तिने अंगावर घ्यायचा आणि जमिनीत सोडून द्यायचा, आतल्या दोघींना त्याची झळ लागू द्यायची नाही. त्यासाठी एकच नियम पाळायचा असे: जाळी जमिनीला एकाच टोकाला जोडायची, इथे, पॅनेलमध्ये. भट्टीकडचे टोक कापून, गुंडाळून, कशालाही न टेकता अधांतरी ठेवायचे. दोन्हीकडे जोडली, की इथली जमीन आणि तिथली जमीन यांच्यात जो काही उणाअधिक फरक असेल तो त्या जाळीतूनच वाहू लागतो, आणि राखणीला ठेवलेलीच घरात गोंगाट करते. पॅनेलमधून सोडवलेले टोक त्यामुळे मुके असायला हवे होते. ते मुके नव्हते. पलीकडे, नजरेआड कुठेतरी, त्याला कोणीतरी धरून ठेवले होते.

“काय साहेब, चावलं का?” मागून सर्जेरावांनी विचारले.

“नाही.”

“मग हात का झटकला?”

“झटकला नाही.”

सर्जेराव हसले. भट्टी त्यांची, शेड त्यांची, आणि हडपसरच्या या पट्ट्यातली शेडखालची जमीनही त्यांचीच. जिथे आता पंखे घुमत होते तिथे वडिलांच्या वेळेला कांदा होता, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. आसपासच्या कारखान्यांचे गिअर त्यांच्याकडे येत, भट्टीत लाल होऊन तेलात बुडत आणि कणखर होऊन परत जात. दसऱ्यापासून ते बिनसले होते. पॅनेलवर आठशे पन्नास अंशांचा आकडा स्थिर उभा राहायचा, तो खालीवर होऊ लागला; भट्टी त्या आकड्यामागे धावू लागली, आणि काही गिअर काचेसारखे ठिसूळ तर काही मऊ निघू लागले.

“नाचतोय नुसता,” सर्जेराव म्हणाले. “तमाशातली बाई परवडली, ढोलकी थांबली की थांबती तरी. पॅनेल बनवणारे तुमचे मालक म्हणत्यात भट्टी बिघडली, भट्टीवाला म्हणतो पॅनेल बिघडलं. दोघांच्या भांडणात माझा माल मरतोय.”

“दोन्ही ठीक आहेत,” दिगंबर म्हणाला. “मधे काहीतरी आहे.”

मधे काहीतरी आहे, हे वाक्य उच्चारल्यानंतरही त्याच्या कानात राहिले, जणू ते त्याने सकाळी कुठेतरी ऐकले होते. सकाळी तसे कोणी म्हणाले नव्हते. बिबवेवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पद्मजा दुधावर झाकण ठेवत होती, आणि झाकण नीट बसले आहे ना हे पाहत पाहतच तिने म्हटले होते, “मिरजेच्या शाळेला उद्या कळवायचंय. तुम्ही आज संध्याकाळी सांगा. जाऊ की थांबू, एवढंच.” तो म्हणाला होता, “बघू.” त्यावर ती म्हणाली, “बघू हे उत्तर भाडेकरूंना द्यायचं असतं.” तिचा आवाज चढला नव्हता. इतक्या वर्षांत तिनेही चढलेला आवाज टाकून दिला होता. लग्नाच्या वेळी तिच्याकडे तो होता, हे त्याला नक्की आठवत होते. मिरज तिचे माहेर. तिथल्या मुलींच्या शाळेने तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावले होते. दिवाळीनंतर ती गेली तर सुट्टीत येईल, मग एखाद्या सुट्टीत येणार नाही, आणि मग न येण्याचीच रीत पडेल, हे दोघांनाही कळत होते. नोकरी हे या जाण्याला दिलेले सभ्य नाव होते. कोणालाही विचारावे लागणार नाही, कोणाला सांगावे लागणार नाही, असे ते तुटणे होते. “माझी परवानगी कशाला हवी?” असे त्याने विचारले, तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. “परवानगी नकोच आहे,” ती म्हणाली. “तुमच्याकडून ऐकायचंय.” “काय?” “तेच.” आणि तिने त्याचा डबा भरला, भाजीचा कप्पा वर, पोळ्या खाली, रोजच्यासारखा.

मीटर काढून त्याने शिल्डचे टोक आणि पॅनेलचे अंग यांच्यात टेकवले. काटा हलला. त्याला आता खात्रीची गरज नव्हती, तरी तो काट्याकडे पाहत राहिला. हलणाऱ्या गोष्टींविषयी त्याच्या मनात लहानपणापासून एक संकोच होता, कोणाची उघडी पाठ दिसावी तसा. नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत काहीही हलत नसे. वडील शिक्षक होते. आई गेली तेव्हा दिगंबर दहाव्या वर्षात होता, आणि पहिल्या दिवशी पान वाढल्यावर वाटीतले वरण पाहून त्याला हुंदका आला. वडील रागावले नाहीत. ते हलकेच म्हणाले, “जेवताना नाही.” तो गप्प झाला. मग अभ्यासाच्या वेळी नाही, पाहुणे बसले असताना नाही, शेजारचे कोणी आजारी असताना नाही. आणि त्या घरात अशी एकही वेळ शिल्लक राहिली नाही की जिच्याबद्दल वडील म्हणाले असते, आता हरकत नाही. तो वाट पाहत राहिला होता. वडीलही पाहत असावेत. सुतक संपताच ते शाळेत गेले आणि भूमितीचा तास त्यांनी घेतला. फळ्यावरची वर्तुळे नेहमीसारखीच गोल आली, असे पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने दिगंबरला कौतुकाने सांगितले होते. त्याने तो अभिमान बरीच वर्षे बाळगला. पुढे कॉलेजात शिल्डचा नियम त्याला पहिल्यांदा शिकवला गेला तेव्हा वर्गातली बाकीची मुले तो वहीत उतरवून घेत होती; त्याला मात्र वाटले, हे आपल्याला माहीत आहे. बाहेरून येईल ते घ्यायचे, एकाच जागी खाली सोडायचे, आत पोचू द्यायचे नाही. दुसऱ्या टोकाला कोणाशीही बांधून घ्यायचे नाही.

तो केबलच्या मागोमाग निघाला. भिंतीवरच्या पत्र्याच्या पन्हळीतून ती जात होती, आणि तो मान वर करून तिच्याखालून चालत होता. शेडमध्ये जळक्या तेलाचा वास साचला होता. तो वास घशात एक काळी साय धरत असे. थंड झालेले गिअर टोपल्यांतून रचून ठेवलेले होते, पाहणाऱ्याला सगळे सारखे, आत कोण मऊ आणि कोण ठिसूळ ते कळण्याचा मार्ग नाही. दवाखान्यातही असाच वास होता का? नाही, तिथे फिनेल होते. सातव्या महिन्यात पद्मजाचे मूल पोटातच गेले होते, आणि डॉक्टर त्याला पडद्याबाहेर घेऊन समजावत होते. त्याने नीट ऐकून घेतले. त्याने समंजस प्रश्न विचारले: हिच्या जिवाला धोका आहे का, किती दिवस ठेवावे लागेल, पुढे काय काळजी घ्यायची. डॉक्टरांनी जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याला आपण उत्तीर्ण झाल्यासारखे वाटले होते. मग तो खाली उतरला, सायकली लावायच्या जागी जाऊन लोखंडी गजाला धरून उभा राहिला, आणि गजाचा गारवा तळव्यातून वर येईपर्यंत तसाच राहिला. जे काही होते ते तिथे उतरून गेले. वर येऊन त्याने पद्मजाच्या कपाळावर हात ठेवला, तोही गार होता. आपण तिला काही लागू दिले नाही, असे तो समजत होता. बऱ्याच वर्षांनी, कोणाच्या तरी बारशाहून परतताना, बसमध्ये खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, “पडद्याआडून मला ऐकू येत होतं. तुम्ही डॉक्टरांशी बोलत होतात ना, मला वाटलं शेजारच्या कॉटवरच्या बाईचं कोणी बोलतंय.” त्यावर काय म्हणायचे असते? त्याने तिला तिकिटे नीट ठेवायला सांगितली होती.

भट्टीच्या मागे, सेन्सरच्या शेजारी, केबल संपते तिथे एक छोटी लोखंडी पेटी भिंतीला ठोकलेली होती. आतल्या जोडांवर धूळ बसू नये म्हणून ती पेटी. भट्टीवाल्यांखेरीज तिच्याकडे कोणाचे लक्ष जायचे कारण नव्हते. पण आज ती पेटी त्याला ओळखू येईना. तिच्याभोवती झेंडूची माळ होती. फुले वाळून तपकिरी झाली होती, काजळीने अर्धी काळवंडली होती, आणि तरी माळ ताठ होती, कोणी मन लावून बांधावी तशी. झाकणावर कुंकवाचे बोट होते. समोर खराटा धरून मथुराबाई उभ्या होत्या. शेड झाडणे, टोपल्या भरणे, ही त्यांची कामे. त्यांचे पती गेनबा ही भट्टी चालवीत असत आणि गेल्या पावसाळ्यात वारले, एवढे दिगंबरला ऐकून माहीत होते.

“उघडू का?” त्याने विचारले. मशीन उघडण्यासाठी परवानगी मागण्याची त्याची पद्धत नव्हती.

“उघडा की सायेब. तुमचंच हाय.”

झाकण काढले तसे दोन तांदूळ त्याच्या बुटावर पडले. आत जोडांच्या ओळीवरही हळद होती. माळ घसरू नये म्हणून तिची बारीक लोखंडी तार झाकणाच्या फटीतून आत घेऊन दाबून टाकली होती. शिल्डच्या टोकावरची चिकटपट्टी धगीने सुकून उकलली होती. तार नेमकी त्या उघड्या तांब्याला बिलगली होती, आणि तिथून पेटीच्या अंगाला. पेटी भट्टीला, भट्टी जमिनीला. दुसरे टोक जोडले गेले होते. त्याने शोधायचे ते शोधले होते, आणि तरी तो पेटीपुढे वाकून तसाच थांबला.

“ही माळ कोणी लावली?”

“मी. खंडेनवमीला.”

“पूजा पॅनेलची करतात ना?”

“ती केली मालकांनी. नारळ फोडला, साथिया काढला, समदं केलं.” मथुराबाईंनी खराटा भिंतीला टेकवला. “पर ह्ये म्हणायचे, त्यो डबा म्हंजे नुसतं तोंड. नाडी हितं हाय. भट्टी पेटवायच्या आधी रोज हितं हात ठिवायचे. म्या इचारलं, काय लागतंय हाताला? तर म्हणायचे, काय न्हाई, ठिवायचा. मग औंदा ते न्हाईत, तर म्हटलं हात कोण ठिवणार? म्हणून माळ घातली. आतनं घट्ट केली, पडायला नको म्हणून.”

त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. जाळी एकाच टोकाला का जोडायची, हे तो शिकाऊ मुलांना अनेकदा सांगत आला होता, शब्द तयार होते. पण ते शब्द इथे उभे राहीनात. शेवटी उरले ते एवढेच.

“मथुराबाई, तुमच्या माळेमुळे आकडा हलतोय.”

“माज्या माळंमुळं?”

“हो.”

त्यांना वाईट वाटेल, त्या घाबरतील, असे त्याने धरले होते, आणि मालकांना सांगणार नाही असे म्हणायची त्याची तयारी होती. त्या पेटीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, काहीतरी सैल होत गेले, आणि त्या अगदी हलक्या आवाजात, कोणाला तरी घरातली बातमी सांगावी तशा म्हणाल्या, “म्हंजे भट्टीला कळलं म्हणायचं.”

नियमाप्रमाणे यात कळण्यासारखे काही नव्हते. दोन जमिनींतला फरक होता, तो वाहत होता, मोजता येत होता. पण त्या फरकाला वाट करून देणारी ती तार एका बाईने आपल्या हाताने आत सारली होती, आणि गेले कित्येक दिवस शेडच्या दुसऱ्या टोकाला, तिला न दिसणाऱ्या जागी, एक लाल आकडा त्यापायी थरथरत होता. असे कधी कोणी त्याच्या बाबतीत केले होते का? केले होते. पद्मजाने किती जागी, किती प्रकारे ती तार आत सारून पाहिली होती. डब्यातून, बसच्या खिडकीतून, आज सकाळी दुधाच्या झाकणावरून. आणि तो प्रत्येक वेळी, निगुतीने, ते टोक कापून गुंडाळून अधांतरी ठेवत आला होता.

“काढावी लागेल,” तो म्हणाला.

“काढा. मालाचं नुकसान व्हतंय तर काढायलाच पायजे.” मग त्यांनी पदर पुढे धरला. “पर पक्कड लावू नका. हातानं काढा.”

त्याने हाताने काढली. वाळलेली फुले बोटांत चुरली, आणि जळक्या तेलाच्या त्या वासातून क्षणभर झेंडूचा कडवट, ओलसर वास वर आला, कुठे शिल्लक होता कोण जाणे. तार फटीतून निघताना अडली. त्याने ती ओढली नाही, वळवून वळवून सोडवली. पाकळ्यांचा चुरा मथुराबाईंनी पदरात घेतला. तार मागितली नाही, म्हणून ती त्याने खिशात टाकली. मग शिल्डचे टोक आखडून, त्यावर नवी नळी चढवून, वर पट्टी गुंडाळून त्याने ते पेटीच्या मधोमध कशालाही न टेकेल असे ठेवले आणि झाकण लावले. पॅनेलकडे परतल्यावर, जोडण्यापूर्वी, त्याने इकडचे मोकळे टोक पुन्हा दोन बोटांत धरले. त्याची गरज नव्हती, मीटर होताच. टोक मुके होते. तो जरा अधिक वेळ धरून राहिला. मग त्याने ते पट्टीवर बसवून स्क्रू आवळला आणि पुरवठा सुरू केला. भट्टी तापत गेली, आकडा चढत गेला, आठशे पन्नासवर आला आणि उभा राहिला.

“आयला,” सर्जेराव म्हणाले. “मेल्यागत गप झाला की.”

“आता हलणार नाही.”

“काय व्हतं?”

“पलीकडचं टोक जोडलं गेलं होतं.”

“कुणी जोडलं?”

“कोणी नाही. टेप सुकली होती,” दिगंबर म्हणाला. ते खोटे नव्हते. शेडच्या त्या टोकाला मथुराबाई पुन्हा झाडू लागल्या होत्या, आणि खराट्याचा आवाज पंख्यांच्या घरघरीखाली बुडून जात होता.

परतताना मार्केट यार्डापाशी रस्ता अडला होता. दिवाळीसाठी झेंडू आला होता. ट्रकमागे ट्रक, आणि उतरवलेल्या ढिगांवर हमाल पाय रोवून चढत होते. तो भगवा रंग संध्याकाळच्या धुळीत कसनुसा, शिळ्या उजेडासारखा दिसत होता. स्कूटर एका पायावर तोलून तो थांबून राहिला. हॉर्न, हमालांच्या हाका, लाउडस्पीकरवरचे भाव, सगळे एकमेकांत कालवले गेले होते. त्या कालव्यात कोणाचे काय कोणाला ऐकू जाणार? म्हणूनच असेल, पण त्याने तो शब्द उच्चारून पाहिला. “थांब,” तो म्हणाला. शब्द घशातून निघताना फुटला. त्याने चकित होऊन आजूबाजूला पाहिले. पुन्हा म्हणाला, “थांब, पद्मजा,” आणि या वेळी आवाज इतका हलला की शेवटचे अक्षर नुसते हवेत गेले. शेजारच्या टेम्पोचा ड्रायव्हर समोरच पाहत होता. ओठांना कंप होता, डोळ्यांत काहीतरी चढत होते, आणि ते चढू देण्यात सुख होते की भय, ते त्याला ठरवता येईना. दहाव्या वर्षापासून ज्या वेळेची वाट पाहिली ती वेळ ही होती का, असे त्याच्या मनात आले. हे असेच धरून ठेवायचे, जिन्यापर्यंत, दारापर्यंत, सांडू द्यायचे नाही, असे मनाशी घोकत तो रस्ता मोकळा झाल्यावर निघाला. भरलेले पातेले घेऊन चालावे तशी त्याने स्कूटर चालवली.

पद्मजा मेथी निवडत होती. वर्तमानपत्रावर काड्या एका बाजूला, पाने एका बाजूला. तिने वर पाहिले आणि तिची नजर त्याच्या हातावर थांबली.

“हे पिवळं काय लागलंय?”

“झेंडू.”

“आणलात?”

“नाही. कामावर लागलं. एका भट्टीचा आकडा हलत होता.”

“मग?”

त्याने सांगितले. केबल कुठून येते, जाळी कुठे जोडायची असते, कुठे नसते, तार कशी अडकली होती. क्रम कुठे चुकला नाही. मथुराबाईंचेही सांगितले, त्यांनी माळ घातली होती एवढे. त्या जे म्हणाल्या होत्या त्यापाशी आल्यावर तो घुटमळला, ते कारणमीमांसेत बसत नव्हते, आणि ते त्याने वगळले. सांगता सांगता आपला आवाज पायरी पायरीने सपाट होत चालला आहे, हे त्याला ऐकू येत होते. जिन्यात तो असा नव्हता. दारापाशी नव्हता.

“निघाला ना दोष?” तिने विचारले.

“निघाला.”

“बरं झालं.” तिने एक काडी मोडली. “आणि माझं?”

तिने हातातली मेथी खाली ठेवली होती. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, आर्जवही नव्हते. फक्त वाट पाहणे होते. पॅनेलपुढे उभा राहून तो स्वतः काट्याकडे जसे पाहत होता तसेच, पापणी न लववता, ती पाहत होती. शब्द त्याच्यापाशी होता. वाटेत तो म्हणून पाहिला होता, तेव्हा तो फुटलाही होता. खिशात त्याच्या बोटांनी ती तार शोधली आणि घट्ट धरली. तिचे टोक बोटात रुतले.

“थांब,” तो म्हणाला.

शब्द बरोबर होता. तो स्पष्ट, नेटका, कोणत्याही बाजूला न कलंडता खोलीत उभा राहिला. सर्जेरावांना आकडा सांगावा तसा.

पद्मजा काही क्षण तशीच पाहत राहिली. काही हलते का, ते ती पाहत असावी. मग तिने नजर काढून घेतली, पाने टोपलीत भरली आणि काड्यांसकट वर्तमानपत्र गुंडाळले.

“येते म्हणून उद्या कळवते त्यांना,” ती म्हणाली. “तुम्ही हात धुऊन घ्या. पान वाढते.”

तो मोरीत गेला. खिशातून काढलेल्या हाताचे बोट थरथरत होते, चांगले दिसेल इतके. त्याने नळ सोडला आणि पिवळे पाणी संपेपर्यंत हात त्याखाली धरून ठेवला.